चौदाव्या तक्त्याखालची ओळ

राष्ट्राचं खरं आत्मचरित्र त्याच्या आकडेवारीत लिहिलेलं असतं. हे वाक्य माझं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात विद्यापीठाच्या आवारात एक छोटं संशोधन केंद्र आहे. तिथे मी सहा वर्षं काम केलं. त्या केंद्रात हे वाक्य पितळी पाटीवर कोरून लावलेलं होतं. पाटी जड होती आणि तिचं वजन पेलेल अशी पक्की भिंत इमारतीत एकच होती, ती स्वच्छतागृहाची. त्यामुळे पाटीसमोर गंभीर चेहऱ्याने उभे असलेले पाहुणे बहुधा आतलं माणूस बाहेर येण्याची वाट बघत असत.

आमच्या केंद्राच्या वाट्याला आलेलं राष्ट्र आफ्रिकेतलं होतं. नाव सांगत नाही, कारण या हकिगतीतली काही माणसं अजून तिथे सरकारी नोकरीत आहेत. तिथलं सांख्यिकी कार्यालय माणसं, मुलं, शाळा, विहिरी, पिकं मोजायचं आणि ते आकडे आमच्याकडे पाठवायचं. आम्ही ते तपासून त्यांचे तक्ते करायचो आणि देशाची किती प्रगती झाली याचा जाडजूड अहवाल दर वर्षी काढायचो. मी कॉम्प्युटरची बाजू सांभाळत असे. आकडे खरे की खोटे हे बघायचं काम गोंडाणे सरांचं.

डॉ. वामन गोंडाणे, नागपूरचे. पन्नाशीतले, उंच, पण दाराची चौकट कुठेही कमी उंचीची असू शकते अशा बेताने जरा वाकून चालणारे. केंद्राचे संचालक हॅरल्ड यांना 'गोंडाणे' म्हणता येत नसे, म्हणून ते त्यांना 'डॉक्टर जी' म्हणत. सरांना त्याचं काही वाटत नसे. "नागपूरचा जी इथं आपोआप लागून राहिला, मॅडम," ते म्हणायचे. मला ते पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत. मी एकदा म्हटलं, "सर, मी तुमच्याहून अठरा वर्षांनी लहान आहे."

"ते बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

गोंडाणे सरांइतका घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. भित्री माणसं पुष्कळ असतात, पण त्यांची भीती विस्कळीत असते. सरांची भीती लावून ठेवलेली असे, कपाटातल्या फायलींसारखी. त्यांच्याजवळ एक निळं प्लॅस्टिकचं फोल्डर होतं. त्यात पासपोर्टच्या प्रती, व्हिसाचे कागद, नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचा करार, मुलीच्या लसींची नोंद आणि देवीची लस आपल्याला लहानपणी टोचली होती असं सांगणारं नागपूरच्या एका डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं. ते फोल्डर घेतल्याशिवाय सर दूध आणायलासुद्धा जात नसत. दुसरा संच घरी तांदळाच्या डब्यात होता. तिसरा कुठे होता हे त्यांच्या बायकोलाही, म्हणजे सुनंदावहिनींनाही, माहीत नव्हतं. "मला सांगत नाहीत," त्या म्हणायच्या. "कोणी विचारलं तर मी सांगून टाकेन म्हणतात."

'कोणी विचारलं तर?' हा सरांचा पेटंट प्रश्न. कार्यालयातल्या मशीनवर घरचं एक पान छापलं तरी त्याची ते वहीत नोंद करत. कोणी विचारलं तर? रिकाम्या पार्किंगमध्येही गाडी पट्ट्यांच्या मधोमध लावायला तीनदा पुढे-मागे घेत. कोणी विचारलं तर? या देशात कोणी काही विचारत नाही, असं मी त्यांना सांगायची. त्यावर ते मान हलवत आणि म्हणत, "अजून."

एका हिवाळ्यात आम्ही दोघं कॅम्पसच्या बसथांब्याकडे चाललो होतो. मागून पोलिसांची गाडी आली आणि आमच्या शेजारी थांबली. पोलीस उतरला. तो तोंड उघडायच्या आत सरांनी निळं फोल्डर उघडून कागद त्याच्या हातात ठेवायला सुरुवात केली होती. व्हिसा, पत्र, करार. वाऱ्यात कागद फडफडत होते आणि सरांचे कान लाल झाले होते. पोलीस भला माणूस. त्याने सगळे कागद नीट धरले, देवीच्या लसीचं प्रमाणपत्रही उलटसुलट करून पाहिलं, परत दिले आणि मग म्हणाला, "सर, तुमचा मफलर मागे पडला होता."

सरांनी मफलर गळ्याला दोन वेढे देऊन घट्ट बांधला. मग म्हणाले, "पाहिलं ना? कागद होते म्हणून निभावलं."

असा माणूस आकड्यांपुढे मात्र अगदी निवांत असे. माझ्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पडद्यावर एक आलेख दाखवला. खेड्यातल्या बायकांनी सांगितलेली स्वतःची वयं होती. आलेख एखाद्या तुटक्या फणीसारखा दिसत होता. वीस, पंचवीस, तीस, पस्तीस या आकड्यांवर उंच उंच दांडे, मधे जवळपास काही नाही.

"यात चूक आहे का?" मी विचारलं.

"आहे ना," सर खुशीत म्हणाले. "पण खरी चूक आहे. बाईला स्वतःचं वय कुठं माहीत असते? ती म्हणते, लिहा तीस. माझी आई चाळीसवर अकरा वर्षं होती. ही गर्दी दिसली की समजायचं, कोणीतरी त्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. विचारणारा होता, सांगणारी होती."

"आणि गर्दी नसली तर?"

"तर मग घाबरायचं."

ही त्यांची कसोटी होती. खुर्चीत बसून वयं बनवणारा माणूस शून्य आणि पाच टाळतो, कारण ते त्याला स्वतःलाच खोटे वाटतात. तो तेवीस लिहितो, एकतीस लिहितो, सव्वीस लिहितो. त्याचा आलेख फणीसारखा येत नाही, इस्त्री केल्यासारखा सपाट येतो. हॅरल्ड यांना सपाट आलेख फार आवडत. अहवालाच्या मुखपृष्ठावर ते छान दिसतात.

मग ते वर्ष आलं. अमेरिकेत त्या हिवाळ्यात ज्यांनी विद्यापीठात काम केलं त्यांना मी फार सांगायला नको. सरकारी मदतीवर चालणारे प्रकल्प एकेक करून बंद होत होते. सकाळी ईमेल यायचं, विषयाच्या ओळीत फक्त 'माहितीसाठी' असायचं, आणि दुपारी वरच्या मजल्यावरचा एक दिवा कायमचा बंद झालेला असायचा. जाणारी माणसं पुठ्ठ्याच्या खोक्यात कुंडी आणि कप घेऊन जात आणि कुणाच्या डोळ्यांत बघत नसत. कॅन्टीनमध्ये लोक हळू बोलायला लागले. भारतीय मुलं एकमेकांना विचारायची, "यार, तू इंडिया ट्रिप कॅन्सल केलीस का?" कारण गेलेल्याला परत येऊ देतील की नाही याची खात्री उरली नव्हती. मी स्वतः एका शनिवारी माझ्या पासपोर्टच्या तीन प्रती काढल्या. त्यातली एक ठेवायला जागा शोधता शोधता मला तांदळाचा डबा दिसला, आणि माझं मलाच हसू आलं नाही.

सरांचा व्हिसा मेअखेर संपत होता. मुदतवाढीसाठी केंद्राचं पत्र लागत होतं आणि त्यावर हॅरल्ड यांची सही. पत्र टाइप होऊन त्यांच्या टेबलावर पडलं होतं. सरांची मुलगी प्रज्ञा बारावीत होती आणि तिचा पदवीदान समारंभ जूनच्या पहिल्या आठवड्यात होता. सरांना एवढंच हवं होतं, जूनचा पहिला आठवडा. त्यापलीकडचं मागायला त्यांना भीती वाटत होती.

नेमक्या त्याच दिवसांत चौदावा तक्ता आला.

चौदावा तक्ता म्हणजे जिल्हावार बालमृत्यू. हा आकडा सरळ विचारून मिळत नाही. बाईला तिचं वय विचारतात, किती मुलं झाली ते विचारतात, किती हयात आहेत ते विचारतात आणि त्यावरून हिशेब काढतात. उत्तरेच्या टोकाला, नदीपलीकडे एक जिल्हा होता, जिथे आदल्या फेरीपर्यंत परिस्थिती वाईट होती. या वेळी तिथे मुलं जवळपास मरतच नव्हती. हॅरल्ड यांनी तो आकडा बघितला आणि खुर्चीतून उठले. मार्चच्या शेवटी देणगीदार संस्थेचे लोक आणि त्या देशाच्या वकिलातीतली मंडळी अहवालाच्या प्रकाशनाला येणार होती. "हीच आपली गोष्ट," ते म्हणाले. "नदीपलीकडचा चमत्कार." मुखपृष्ठाचं काम त्याच दिवशी सुरू झालं.

सरांनी त्या जिल्ह्यातल्या बायकांच्या वयांचा आलेख काढला. मी त्यांच्या मागे उभी होते. पडद्यावर एक सपाट, गुळगुळीत रेघ आली. सरांनी मनगटावरच्या घड्याळाची काच अंगठ्याने पुसायला सुरुवात केली. घाबरले की ते तसं करत.

"कोणी गेलंच नाही तिथं," ते म्हणाले.

त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयात जोसेफ नावाचे अधिकारी होते. अकरा वर्षं सर आणि ते फोनवर बोलत होते, पण दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. सरांनी त्यांना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला, साक्षीदार असावा म्हणून. जोसेफ सरांना प्रोफेसर म्हणत. बोलणं इंग्रजीत झालं, ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"जोसेफ, या वेळी रस्ता कसा होता?"

"रस्ता उत्तम होता, प्रोफेसर."

"आणि नदी?"

"नदीही उत्तम होती."

"फॉर्म भरायला गेलेली तुमची मंडळी... घाबरली होती का?"

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवला.

"पुलापलीकडे बंदुकवाले बसले आहेत," जोसेफ म्हणाले. "दवाखान्याची गाडी दर गुरुवारी जाते, तिला ते सोडतात. औषध त्यांनाही लागतं. फॉर्मवाल्यांना सोडत नाहीत. फॉर्म म्हणजे सरकार. माझी मंडळी शाळामास्तर आहेत, प्रोफेसर. पुलाच्या अलीकडे एक चहाचं दुकान आहे. त्यात टेबल आहे."

"समजलं," सर म्हणाले.

"खोटा फॉर्म भरला तर आमच्याकडे तुरुंग आहे. त्यातल्या एकीचं बाळ चार महिन्यांचं आहे. तुम्ही काय लिहिणार?"

"जोसेफ, बायकोची तब्येत कशी आहे?" सरांनी विचारलं, आणि पुढची पाच मिनिटं ते दोघं गुडघेदुखीवर बोलले.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "सर, यात प्रश्नच कुठे आहे? डेटा खोटा आहे. रिपोर्ट करा."

"आणि ते मास्तर लोक?"

"मग नका करू. तुमचं पत्र टेबलावर आहे. हॅरल्डना तो आकडा हवा आहे. द्या त्यांना."

"आणि गाडी?"

गाडीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. सरांनी समजावून सांगितलं. दवाखान्याच्या गाड्या कुठे पाठवायच्या हे तिथलं आरोग्य खातं आमच्या वेबसाइटवरच्या या चौदाव्या तक्त्यावरूनच ठरवतं. जिथे मुलं मरत नाहीत तिथे गाडी कशाला? तक्ता तसाच प्रसिद्ध झाला की गुरुवारची गाडी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. नदीपलीकडे मुलं पूर्वीसारखी मरत राहणार, फक्त आता ती कागदावर नसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा पिताना सर एकदम बोलायला लागले. ते स्वतःबद्दल क्वचित बोलत. त्यांचं लहानपण नागपूरच्या एका वस्तीत गेलं. ते सात-आठ वर्षांचे असताना जनगणना आली. प्रगणक म्हणजे जवळच्या शाळेतले एक मास्तर होते. ते गल्लीच्या तोंडाशी आले, आत बघितलं, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फळीवर बसले. तिथून त्यांनी दुकानदाराला विचारून अख्खी गल्ली भरली.

"ते काही बंदुकीला घाबरले नव्हते," सर म्हणाले. "आत आले असते तर कोणीतरी पाणी पुढं केलं असतं. त्याला घाबरले. माझी आई उंबरठ्यावर उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. सकाळपासून. सगळ्यांची नावं पाठ करून ठेवली होती तिनं. तिला वाटलं, आता आपल्याला विचारतील."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी आमची बारा घरं लिहिली. होती एकतीस. पुढं दोन वर्षांनी वस्तीत नळ आले, ते माणसं पाहून दिले. आमच्या वाट्याचा नळ पलीकडच्या आळीत लागला. आई मरेपर्यंत तिथून पाणी आणत होती."

"ते मास्तर कोण होते? नाव आठवतं?"

"आठवते ना."

"काय आडनाव?"

"मॅडम," सर म्हणाले, "तुमचा चहा थंडा होऊन राहिला."

मी पुण्याची जोशी. ओळखपत्र माझ्या गळ्यात लटकत होतं. मी ते उलटं केलं आणि चहा प्यायले. तो खरंच थंड झाला होता.

त्यानंतर आठवडाभर सरांनी काहीच केलं नाही. ते फक्त दिवसेंदिवस अधिक वाकत गेले. वहिनींनी मला फोन केला. "यांनी जेवण सोडलं नाही, पण जेवताना कोणी दार वाजवलं की उठून आतल्या खोलीत जातात. काल पिझ्झावाला होता, तोही शेजाऱ्यांचा." मागून प्रज्ञाचा आवाज आला, "आई, लीव्ह हिम अलोन, ओके?" वहिनी म्हणाल्या, "हिला वाटते, मला काही समजत नाही. मला फक्त सांगा, हे जे काही करून राहिले, त्यानं आम्हाला जावं लागेल का?"

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं होतं.

मग अहवाल छपाईला जायच्या दोन दिवस आधी सरांनी चौदावा तक्ता परत पाठवला. आकडा तसाच होता. फक्त त्या जिल्ह्याच्या नावापुढे एक तारा होता आणि तक्त्याखाली बारीक टाइपात एक ओळ: 'या जिल्ह्यातील माहितीची प्रत्यक्ष घरोघरी जाऊन पडताळणी झालेली नाही.' बस. कुणी खोटं बोललं असं त्यात म्हटलेलं नव्हतं. कुणी गेलं नाही असंही नव्हतं. इतकी भित्री ओळ मी आयुष्यात वाचली नव्हती, आणि तसं मी मनात म्हटलंही.

हॅरल्ड यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावर एका बाजूला मुखपृष्ठाचा नमुना होता आणि दुसऱ्या बाजूला सरांचं पत्र, सहीची जागा कोरी. त्यांनी पत्र जरासं सरकवलं, मुद्दाम नव्हे, पण आम्हाला दिसेल इतपत.

"डॉक्टर जी, हा तारा काढता येईल? छोटी गोष्ट आहे. पाहुण्यांना प्रश्न पडतील."

सर उभेच होते. घड्याळाची काच पुसत होते. कान लाल. मला खात्री होती, आता ते 'हो' म्हणणार. त्यांच्या तोंडून आवाज आला तो इतका बारीक होता, की हॅरल्ड पुढे झुकले.

"लेखी द्या, प्लीज."

"सॉरी?"

"तारा काढा, असं तुम्ही लेखी द्या. ईमेल चालेल. मी लगेच काढतो. कोणी विचारलं तर माझ्याजवळ कागद पाहिजे."

ज्या कुणाची भारतातल्या सरकारी कचेरीशी गाठ पडली आहे त्याला 'लेखी द्या' या दोन शब्दांचं वजन माहीत असतं. हॅरल्ड यांना ते त्या दिवशी कळलं. त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. खालून कुणीतरी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन गाडीकडे चाललं होतं. त्या वर्षी कुणालाच काही लेखी द्यायचं नव्हतं. घाबरायला सर एकटे नव्हते, एवढं मला त्या क्षणी दिसलं.

"ठीक आहे," हॅरल्ड म्हणाले. "छापील प्रतीत राहू दे, तसंही ती ओळ कुणाला दिसणार नाही. समारंभ झाला की वेबसाइटवरून काढून टाकू." आणि त्यांनी सरांचं पत्र उचलून एका फायलीखाली ठेवलं. सही न करता.

बाहेर आल्यावर सर भिंतीला टेकले. मी त्यांना पाणी आणून दिलं आणि न राहवून म्हटलं, "सर, एवढ्याशा ताऱ्यासाठी? पत्र अडकलं तुमचं. आणि त्या ओळीने होणार काय?"

सरांनी निळं फोल्डर उघडलं. त्यात एक नवीन कागद होता. प्रकल्पाची नियमपुस्तिका दोनेकशे पानांची होती. ती वाचलेला माणूस मला कधी भेटला नव्हता, आणि ती लिहिणाऱ्यांनीही सलग वाचली असेल असं वाटत नाही. त्यातल्या एका पानाची ती प्रत होती. पेन्सिलने एक कलम अधोरेखित केलं होतं. पडताळणी न झाल्याची खूण असलेला आकडा तात्पुरता समजावा. तात्पुरत्या आकड्यावरून कोणतीही सेवा हलवू किंवा बंद करू नये. आधीच्या फेरीचा आकडा चालू ठेवावा.

"तुम्हाला हे कधी सापडलं?"

"नोकरी लागली तेव्हाच वाचून काढलं होतं सगळं," सर म्हणाले. "कोणत्या पानावरून आपल्याला कामावरून काढतील, काय सांगता येते?"

म्हणजे तारा असेपर्यंत गाडी गुरुवारी पूल ओलांडणार होती. आणि चार महिन्यांच्या बाळाची आई घरीच राहणार होती. मी ती ओळ पुन्हा वाचली. आता ती मला तितकी भित्री वाटली नाही. सर मात्र तितकेच घाबरलेले होते. त्यांनी पाणी संपवलं, पेला धुऊन जागेवर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, मी उद्धट तर बोललो नाही ना?"

समारंभ झाला. वकिलातीतल्या एका गृहस्थांनी आकड्यांना देशाच्या आत्म्याचा आरसा म्हटलं. हॅरल्ड यांनी दिशादर्शक तारा म्हटलं, आणि मी सरांकडे पाहिलं, पण ते मागच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर बसून बाहेर जायचा रस्ता न्याहाळत होते. अहवालाच्या चकचकीत प्रती वाटल्या गेल्या. माझ्या समोरच्या बाईंनी ती पंख्यासारखी वापरली.

त्यानंतर चौथ्या दिवशी ईमेल आलं. विषय: माहितीसाठी. आमचा प्रकल्प बंद झाला होता. का, ते लिहिलेलं नव्हतं. तारा, चमत्कार, मुखपृष्ठ, यांतलं काहीही कुणी वाचलेलं नव्हतं. यादीत कुठल्यातरी क्रमाने आमचं नाव आलं एवढंच. सरांच्या पत्रावर सही झाली असती तरी तिचा काही उपयोग झाला नसता. केंद्रातल्या नऊ माणसांची नोकरी त्या दिवशी संपली. मला सामान आवरायला तीन महिने ठेवलं. सरांना कायद्याप्रमाणे देश सोडायला साठ दिवस मिळाले. आम्ही दोघांनी बोटांवर मोजलं. प्रज्ञाचा समारंभ त्यात बसत नव्हता. सहा दिवस कमी पडत होते.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वहिनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. सरांनी मुलीला हे कसं सांगायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, मुद्दे घालून. पहिल्याच मुद्द्यावर प्रज्ञाने त्यांना थांबवलं. "बाबा, इट्स फाइन. दे कॅन मेल इट." आणि आत निघून गेली. दार तिने हळूच लावलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं आम्हा तिघांनाही वाटलं असावं.

सर हातातल्या कागदाची घडी घालत राहिले. मी म्हटलं, "सर, तेव्हा तुम्ही तारा काढला असता, तरी हेच झालं असतं."

"हो ना," ते म्हणाले. "पण तेव्हा कुठं माहीत होतं?"

निघायच्या दिवशी मी त्यांना बसवर सोडायला गेले. न्यूयॉर्कला जाणारी बस गावाबाहेरच्या एका पेट्रोलपंपाशेजारून सुटते. सकाळ होती, मे महिना असूनही हवेत गारवा. पाच बॅगा, निळं फोल्डर सरांच्या काखेत. वहिनींनी मला मिठी मारली आणि उरलेलं तिखट दिलं. प्रज्ञा कानात गाणी घालून बसमध्ये जाऊन बसली. सर चढले, बसले, आणि ड्रायव्हर दार लावणार एवढ्यात धडपडत खाली उतरले. मला वाटलं, पासपोर्ट.

"मॅडम, एक राहिलं," ते धापा टाकत म्हणाले. "जोसेफला सांगू नका, नोकरी गेली म्हणून. तो घाबरेल. त्याला वाटेल, त्याच्या तक्त्यामुळं गेली."

"मग काय सांगू?"

त्यांनी विचार केला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि सर दचकले.

"रिटायर झाले म्हणा. वय झालं म्हणा."

ते वाकून दारातून आत गेले. दार पुरेसं उंच होतं. काचेतून मला ते दिसले, जागेवर बसून फोल्डर उघडून कागद मोजताना. बस वळली तेव्हाही मोजत होते.

मी आता ॲरिझोनात चँडलरला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करते. तिथे कुणाचं वय किंवा मुलं मोजत नाहीत. सर नागपूरला एका कॉलेजात तासाप्रमाणे शिकवतात. जोसेफ मला मधूनमधून लिहितात आणि प्रोफेसरांच्या निवृत्त जीवनाची चौकशी करतात. नदीपलीकडची गाडी अजून दर गुरुवारी जाते. हॅरल्ड यांनी कबूल केल्याप्रमाणे समारंभानंतर तारा काढून टाकायला सांगितलं होतं, अर्थात तोंडी. पण केंद्राची वेबसाइट सांभाळणारी ट्रेसी हीसुद्धा त्याच ईमेलमध्ये गेली होती. मागच्या महिन्यात केंद्राने तिला फोन करून पासवर्ड विचारला. ती सध्या कुत्र्यांच्या पाळणाघरात काम करते. आठवत नाही म्हणाली.